घरच्या संगणकावरील फायली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या घरांतून फायलींविषयी जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने दिले आहेत. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे विंडोज १० किंवा विंडोज ११ असल्याने उत्तरे त्यांनाच धरून लिहिली आहेत. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यावरच्या फायली पूर्वीसारख्याच उघडतात, मात्र अनोळखी फाइल उघडताना त्या संगणकावर जास्त सावध राहावे. पडद्यावरील बटणांची नावे इंग्रजीतच दिसतात, म्हणून येथेही तीच, पण देवनागरीत लिहिली आहेत.

१. 'फाइल उघडत नाही' एवढे सांगितले तरी तुम्ही उलट चार प्रश्न का विचारता?

कारण या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. फाइल म्हणजे एका नावाखाली डिस्कवर साठवलेला मजकूर. तिला एक नाव असते, ती कुठल्या तरी फोल्डरात असते, आणि तिच्यातला मजकूर वाचता येणारा एखादा प्रोग्रॅम लागतो. यांपैकी काय बिघडले आहे ते कळल्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. फाइल सापडतच नसेल तर प्रश्न २ आणि ३ पाहावेत. सापडते, पण 'कशाने उघडू' असे संगणक विचारत असेल तर प्रश्न ६ पाहावा. उघडते, पण आत अगम्य अक्षरे दिसत असतील तर प्रश्न ९, आणि 'परवानगी नाही' असा संदेश येत असेल तर प्रश्न १६ पाहावा. फोन करण्यापूर्वी पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा कागदावर उतरवून ठेवला, तर निम्मे काम तिथेच होते.

२. डाउनलोड केलेली फाइल जाते कुठे?

वेगळी जागा निवडली नसेल तर ती डाउनलोड्स या फोल्डरात जाते. विंडोजची कळ धरून ई दाबली की फाइल एक्सप्लोरर उघडतो आणि डाव्या पट्टीत हे फोल्डर दिसते; ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि जे एकत्र दाबल्यासही डाउनलोडची यादी मिळते. ईमेलला जोडून आलेली फाइल तिथल्या तिथे उघडून तिच्यात बदल करू नयेत. अशी फाइल अनेकदा तात्पुरत्या फोल्डरात उघडलेली असते आणि तासभर केलेले काम नंतर सापडत नाही. आधी ती आपल्या फोल्डरात सेव्ह करावी आणि मग तिथून उघडावी.

३. काल डेस्कटॉपवर असलेली फाइल आज दिसत नाही. ती डिलीट झाली का?

बहुधा नाही. माउसने ओढताना फाइल शेजारच्या फोल्डरात जाऊन पडणे हा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. हे नुकतेच घडले असेल तर कंट्रोल आणि झेड दाबल्याने ती परत येते. त्यानंतर रीसायकल बिन पाहावा. तिथेही नसेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये दिस पीसी निवडून उजवीकडच्या शोधपट्टीत नावाचा आठवेल तेवढा भाग लिहावा.

घरात एकाच संगणकावर दोन खाती असतील तर प्रत्येकाचा डेस्कटॉप वेगळा असतो. मुलाच्या खात्यात ठेवलेली फाइल आईच्या खात्यात दिसणार नाही, यात बिघाड काही नाही. दुसरे कारण वनड्राइव्ह, म्हणजे इंटरनेटवर फायली ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडताना 'बॅकअप'ला होकार दिला गेला, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरे वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवली जातात. फायली शाबूत असतात, फक्त त्यांचा पत्ता बदललेला असतो. फाइलशेजारी ढगाचे चिन्ह दिसत असेल तर तिचा मजकूर संगणकावर नसून इंटरनेटवर आहे, आणि पावसाळ्यात जोडणी गेली की ती उघडणार नाही. नेहमी लागणाऱ्या फायलींवर उजवी कळ दाबून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' हा पर्याय निवडून ठेवावा.

४. रीसायकल बिनमध्येही नाही. मग ती गेली कुठे?

पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही. शिफ्ट धरून डिलीट केलेलीही जात नाही. अशा वेळी त्या ड्राइव्हवर काहीही नवीन लिहू नये, कारण पुसलेल्या फाइलची जागा फक्त 'रिकामी' म्हणून नोंदलेली असते आणि त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर परत मिळण्याची आशा असते. मात्र नव्या संगणकांतील एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी) डिस्क रिकामी जागा आपणहून साफ करत राहते, त्यामुळे तिथे ही आशा फार थोडी असते. खरा उपाय प्रश्न १५ मध्ये आहे.

५. फाइलला '७/१२' असे नाव देता येत नाही. संगणकाला सातबाऱ्याचे वावडे आहे का?

वावडे सातबाऱ्याचे नाही, मधल्या तिरप्या रेघेचे आहे. विंडोजमध्ये फाइलच्या नावात \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हे चालत नाहीत. तिरपी रेघ फोल्डरांच्या पत्त्यासाठी राखीव असल्याने '७/१२' म्हणजे '७' या फोल्डरातील '१२' ही फाइल, असा अर्थ लागू शकतो. '७-१२' किंवा 'सातबारा' असे लिहावे. १५/०८/२०२५ अशी तारीखही याच कारणाने नावात बसत नाही. तारीख २०२५-०८-१५ अशी, म्हणजे वर्ष आधी, लिहिल्यास नावाप्रमाणे लावलेल्या फायली आपोआप कालक्रमाने लागतात. आंब्याच्या पेट्यांच्या पावत्या ठेवणाऱ्यांना ही पद्धत आम्ही आग्रहाने सुचवतो.

नाव मराठीत दिले तरी चालते. मात्र काही सरकारी संकेतस्थळे देवनागरी नावाची फाइल अपलोड करताना नाकारतात. तेवढ्यापुरती तिची एक प्रत रोमन नावाने काढावी. लांबीलाही मर्यादा आहे : एका नावात २५५ अक्षरे, आणि बऱ्याच प्रोग्रॅमांत ड्राइव्हपासून नावापर्यंतचा सगळा पत्ता मिळून सुमारे २६०. येथे काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येकी वेगळे अक्षर मोजले जाते, म्हणून 'चिपळूण' हा आपल्या दृष्टीने चार अक्षरांचा शब्द संगणकाला सहा अक्षरांचा पडतो. 'न्यू फोल्डर'मध्ये 'न्यू फोल्डर' अशी दहा पायऱ्यांची उतरंड रचणाऱ्यांच्या फायली कॉपी होताना मध्येच अडतात, त्या याच मर्यादेमुळे.

६. फाइलवर दोनदा क्लिक केले की भलताच प्रोग्रॅम उघडतो. तो कसा बदलावा?

फाइलवर उजवी कळ दाबून 'ओपन विथ' आणि पुढे 'चूज अनदर ॲप' निवडावे, हवा तो प्रोग्रॅम दाखवावा आणि 'ऑल्वेज' म्हणावे. कोणती फाइल कशाने उघडायची हे विंडोज नावाच्या शेवटी, टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांवरून ठरवते : पीडीएफ, जेपीजी, डीओसीएक्स इत्यादी. यांना एक्स्टेन्शन म्हणतात.

ही अक्षरे विंडोज मुळात लपवून ठेवते, आणि आमच्या मते ही वाईट सवय आहे. 'लाइट बिल.पीडीएफ.ईएक्सई' या नावाची फाइल प्रत्यक्षात प्रोग्रॅम असते. पण शेवटचा भाग लपल्याने ती 'लाइट बिल.पीडीएफ' अशी निष्पाप दिसते आणि क्लिक करताच चालू होते. म्हणून विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू या यादीतील शो मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करावी. विंडोज १० मध्ये हीच खूण व्ह्यू या पट्टीवर सापडते. घरी नवा संगणक आला की पहिले काम हे करावे.

७. नावाच्या शेवटी जेपीजीऐवजी पीडीएफ लिहिले, तर फोटोची पीडीएफ होते का?

होत नाही. बरणीवरची चिठ्ठी बदलल्याने आतल्या लोणच्याचा मुरंबा होत नसतो. फोटो उघडून प्रिंटचा आदेश द्यावा आणि प्रिंटर म्हणून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडावा. ही सोय विंडोज १० पासून प्रणालीतच आहे.

८. गणपतीला आलेल्या पुतण्याने आयफोनमधले फोटो दिले, ते उघडत नाहीत.

आयफोन २०१७ पासून एचईआयसी या प्रकारात फोटो साठवतो, कारण त्यात जागा कमी लागते. विंडोजला तो वाचण्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील एचईआयएफ आणि एचईव्हीसी ही विस्तारके लागतात. त्यापेक्षा पुतण्या परत जाण्यापूर्वी त्याच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स आणि 'मोस्ट कंपॅटिबल' एवढे निवडून घ्यावे, म्हणजे पुढचे फोटो जेपीजीत निघतील.

९. देवस्थानाचे वीस वर्षांपूर्वीचे ठराव उघडले, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फाइल खराब झाली का?

फाइल ठणठणीत असते. हरवलेला असतो तो फॉन्ट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखनाचे फॉन्ट देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवत असत. फाइलमध्ये साठवली जात रोमन अक्षरेच, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा वेष चढवत असे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत प्रत्येकाची जुळणीही निराळी होती, त्यामुळे एका फॉन्टातील मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. युनिकोडात मात्र देवनागरीला स्वतःची १२८ स्थाने आहेत, आणि विंडोज २००० पासून ही सोय प्रणालीत आली.

प्रथम वर्डमध्ये तो मजकूर निवडून वरच्या चौकटीत फॉन्टचे नाव पाहावे. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव तिथे दिसते. ज्या जुन्या संगणकावर ते काम झाले होते, त्याच्या विंडोजमधील फॉन्ट्स या फोल्डरातून तो मिळवून आपल्याकडे बसवावा. मजकूर वाचता येऊ लागला की त्या फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने (मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने) तो युनिकोडात आणावा आणि मूळ फाइल तशीच जपून ठेवावी. परिवर्तनानंतर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासणे अटळ आहे. गटक्रमांक आणि रकमा तर मुळाशी ताडून पाहाव्यात, कारण काही फॉन्टांत अंकांच्या जागाही बदललेल्या असतात. जुनी पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण तिच्यातून मजकूर कॉपी केला की हाच काला हाती येतो, कारण पीडीएफने फॉन्ट पोटात घेतलेला असतो, मजकूर मात्र रोमनच असतो.

एक्सेलमधील काल्याचे कारण वेगळे आहे. सीएसव्ही प्रकारची (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराची) फाइल दोनदा क्लिक करून उघडली तर एक्सेल तिची अक्षरपद्धती चुकीची ओळखू शकते. रिकामे एक्सेल उघडून डेटा या पट्टीतील 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडावे आणि युटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत सांगावी.

१०. 'खाऱ्या पाण्याचे नुकसान' या नावाची फाइल डोळ्यांसमोर आहे, तरी शोधात येत नाही. असे कसे?

'ऱ्या' हे जोडाक्षर युनिकोडात दोन प्रकारे लिहिले जाते : एकात टिंबाचा 'ऱ' आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे. फोनच्या कळफलकावर लिहिलेले नाव संगणकाच्या कळफलकावरून शोधताना हा घोळ होतो. अशा वेळी 'नुकसान' एवढाच शब्द शोधावा.

११. फाइल ओढून नेली की कधी तिची प्रत होते, कधी ती मूळ जागेवरून नाहीशी होते. नियम काय?

त्याच ड्राइव्हवर ओढल्यास फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढल्यास तिची प्रत होते. कंट्रोल धरून ओढल्यास नेहमी प्रत होते आणि शिफ्ट धरून ओढल्यास नेहमी हलते. ज्यांचा हात माउसवर स्थिर नाही त्यांनी ओढण्याच्या फंदात न पडता कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही वापरावे.

१२. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आणला, तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले आहेत. आता काय करावे?

त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये, ही पहिली गोष्ट. हा एका प्रकारचा व्हायरस आहे : तो खरी फोल्डरे लपवतो, त्यांच्या नावाचे शॉर्टकट पुढे मांडतो, आणि त्यांवर क्लिक केले की फोल्डर उघडून दाखवतानाच आपली प्रत संगणकात उतरवतो. सगळे नीट उघडते आहे असे वाटल्याने लोक महिनोन्महिने तो घरात वागवतात.

पेन ड्राइव्ह जोडून फाइल एक्सप्लोररमध्ये त्याच्यावर उजवी कळ दाबावी आणि विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षा-प्रोग्रॅमने तपासणी करावी. मग फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू या पानावर लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि त्याखालील 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' यावरची खूण काढावी. केवळ पहिला पर्याय पुरत नाही, कारण हा व्हायरस फोल्डरांवर 'प्रणालीची फाइल' असाही शिक्का मारतो. आता खरी फोल्डरे फिकट दिसू लागतील. कधी ती सगळी एका बिननावाच्या फोल्डरात कोंबलेली असतात. त्यांतील आपल्या ओळखीच्या फायली तेवढ्या संगणकावर घ्याव्यात, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा (पूर्ण पुसून नव्याने आखावा) आणि काढलेली खूण परत लावावी.

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही; दिवसभर गावाचे पेन ड्राइव्ह त्याच्या संगणकात येत-जात असतात. छपाईला नेण्यासाठी एक वेगळा छोटा पेन ड्राइव्ह ठेवावा आणि त्यात फक्त छापायची पीडीएफ असावी.

१३. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, लग्नाचा व्हिडिओ ५ जीबीचा, तरी 'फाइल फार मोठी आहे' असे का येते?

ड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीने आखलेला असल्याने. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, मग जागा कितीही रिकामी असो. ड्राइव्हवरचे सगळे आधी संगणकावर काढून घेऊन तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा. मात्र काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. व्हिडिओ टीव्हीवर पाहायचा असेल तर त्याचे दोन भाग करणे बरे.

याला जोडूनच विचारले जाते की १ टीबीची डिस्क ९३१ जीबीच का दाखवते. विकणारा १०००च्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४च्या. यात फसवणूक नाही.

१४. डिजिटल सहीचा सातबारा उघडला, पण सहीवर प्रश्नचिन्ह दिसते. तो ग्राह्य नाही का?

प्रश्नचिन्हाचा अर्थ 'सही खोटी' असा नसून 'ही सही ज्या प्रमाणपत्रावर उभी आहे त्याची या संगणकाला ओळख नाही' एवढाच आहे. पीडीएफ वाचकात सहीवर क्लिक करून, तिचे गुणधर्म पाहून, ते प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून नोंदवले की पुढे हिरवी खूण दिसते. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पीडीएफची सही बहुधा तपासलीच जात नाही, म्हणून ही तपासणी अडोबीच्या वाचकात करावी.

येथे एक चूक वारंवार होते. अपलोडची मर्यादा पाळण्यासाठी लोक सहीची पीडीएफ लहान करतात, दोन उतारे एकत्र जोडतात, किंवा प्रश्न ७ मधील युक्तीने पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' करतात. असे करताच डिजिटल सही नष्ट होते आणि तिचे नुसते चित्र उरते. मूळ फाइल जशी उतरवली तशीच ठेवावी. आधारची पीडीएफ पासवर्ड मागते तेव्हा नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या रोमन लिपीत आणि त्यापुढे जन्मवर्ष लिहावे.

१५. काम चालू असताना लाइट जाते. फायली कशा सांभाळाव्यात?

विंडोजची एनटीएफएस ही पद्धत डिस्कवरील बदलांची नोंद आधी ठेवत असल्याने अचानक वीज गेली तरी फोल्डरांची रचना सहसा मोडत नाही. जाते ते सेव्ह न केलेले काम, आणि त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती ती. वर्ड आणि एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये सेव्ह या पानावर ऑटोरिकव्हरची, म्हणजे चालू कामाची प्रत आपोआप ठेवण्याची, वेळ दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणावी, आणि शक्य असेल तर साधा यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारे यंत्र) घ्यावा, म्हणजे संगणक रीतसर बंद करण्याइतका अवधी मिळतो.

पण कोकणात धोका केवळ विजेचा नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात घरांची छपरे उडाली आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळुणात घरांत पाणी भरले, तेव्हा संगणक आणि त्याच कपाटात ठेवलेली बॅकअपची डिस्क अशी दोन्ही एकदमच पाण्यात जाणे सहज शक्य होते. म्हणून महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, हा जुना नियम येथे अक्षरशः पाळावा. घराबाहेरची प्रत इंटरनेटवर ठेवता येते : गुगल खात्यात १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी जागा विनामूल्य मिळते, आणि कागदपत्रांना ती पुष्कळ झाली. फोटोंसाठी दोन डिस्क घ्याव्यात. एक घरी ठेवावी आणि दुसरी मुंबईच्या नातेवाइकांकडे. शिमग्याला आणि गणपतीला ते गावी आले की अदलाबदल करावी.

घरातली डिस्क हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, कारण खारी दमट हवा जोडणीच्या पितळी-तांब्याच्या भागांना गंज चढवते. डिस्क भिजलीच तर ती चालते का हे पाहण्यासाठी वीज जोडू नये आणि तिला उन्हातही ठेवू नये. आहे त्या स्थितीत डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

१६. बंद पडलेल्या संगणकाची डिस्क नव्याला जोडली, तर वडिलांचे फोल्डर 'परवानगी नाही' म्हणते. मालक आम्हीच ना?

घराचे मालक आपण असलो तरी फोल्डरचा मालक जुन्या संगणकावरचे खाते असते, आणि नवा संगणक त्या खात्याला ओळखत नाही. दोन्हींकडे खात्याचे नाव एकच असले तरी उपयोग नाही, कारण विंडोज नावावरून नव्हे, तर खात्याच्या अंतर्गत क्रमांकावरून ओळख पटवते. प्रशासक खात्यातून त्या फोल्डरवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी आणि ॲडव्हान्स्ड येथे जावे, ओनरसमोरील चेंज निवडून आपले खाते लिहावे आणि आतील सर्व फोल्डरांना ते लागू करावे. हे फक्त जुन्या डिस्कवरील वैयक्तिक फोल्डरांसाठीच आहे. चालू संगणकाच्या विंडोज या फोल्डरावर हा प्रयोग केल्यास प्रणाली कोलमडू शकते.

१७. तीच डिस्क जोडली, पण ती ४८ अंकी क्रमांक मागते. तो कुठून आणावा?

ती डिस्क बिटलॉकरने, म्हणजे मजकूर सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीने, कुलूपबंद आहे. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच हे कुलूप आपोआप लागते, आणि मालकाला त्याची जाणीव मदरबोर्ड बदलल्यावर किंवा डिस्क दुसरीकडे जोडल्यावर होते. अशा वेळी किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून त्या खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीत ती पाहता येते, आणि एकाहून जास्त किल्ल्या दिसल्यास पडद्यावरील ओळख-क्रमांकाशी जुळणारी घ्यावी. ती मिळाली नाही तर प्रश्न १६ मधील उपाय येथे लागू पडत नाही आणि कोणताही दुरुस्तीवाला ते कुलूप उघडू शकत नाही. लॅपटॉप चालू आहे तोवरच हा क्रमांक वहीत उतरवून सातबारा आणि घरपट्टीच्या कागदांसोबत ठेवावा.